नाशिकहून गोक्यो: हिमनदीशेजारच्या तळ्याकाठच्या गावी कमी खर्चात कसं जायचं

गोक्यो हे नेपाळच्या खुंबू भागातलं, साधारण ४७९० मीटर उंचीवरचं छोटं गाव. पुढ्यात दूध पोखरी नावाचं हिरवट-निळं तळं, आणि पाठीमागच्या दगडमातीच्या धारेवर चढलं की पलीकडे न्गोझुंपा हिमनदी. जवळपास ३६ किलोमीटर लांबीची ही नेपाळमधली सर्वांत लांब हिमनदी. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेपेक्षा इकडे गर्दी कमी असते, आणि माझ्या मते नजाराही सरस.

एजन्सीचं पॅकेज न घेता, रेल्वे-बस-जीप करत नाशिकहून जाऊन यायला माणशी चाळीस ते पन्नास हजार भारतीय रुपये आणि साधारण तीन आठवडे हाताशी धरा. या प्रवासात पैसे वाचवायला भरपूर जागा आहेत. दिवस वाचवायला मात्र एकही नाही, कारण उंचीची सवय शरीराला तिच्याच वेळेने होते. रजा पंधराच दिवसांची मिळत असेल, तर या वर्षी दुसरीकडे जा.

१. आधी तारीख ठरवा, आणि ती पंचांग बघून ठरवा

हवेच्या दृष्टीने दोन मोसम चांगले: ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि मार्चअखेर ते मेची सुरुवात. पावसाळ्यात जळवा, ढग आणि दरडी. जानेवारीत वरची बरीच लॉज बंद.

आपल्याकडून जाणारे हमखास अडकतात ते सणांत. आपला दसरा म्हणजे त्यांचा दशैं. तो घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत चालतो आणि त्या काळात काठमांडू अर्धं रिकामं होतं. कचेऱ्या बंद, जीपवाले गावाला, उरलेल्या गाड्यांना दुप्पट गर्दी. दिवाळीत त्यांचा तिहार, भाऊबीजेला पुन्हा तेच. त्यात आपली रेल्वे जाते गोरखपूरला, म्हणजे दिवाळी ते छठ या दिवसांत मुंबईहून निघणाऱ्या गाडीच्या जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते आणि स्लीपरचाही जनरल झालेला असतो.

म्हणून माझा सल्ला असा: घरची दिवाळी करा, छठ उरकू द्या, मग निघा. आकाश स्वच्छ मिळतं, गाडीत जागा मिळते, लॉजमध्ये खोली मिळते. थंडी जास्त असते हे खरं. नोव्हेंबरच्या मध्याला गोक्योत रात्रीचा पारा शून्याखाली दहाच्या आसपास जातो. ते नको असेल तर एप्रिल बघा, तेव्हा गुरांसच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) झाडांना फुलं असतात. मात्र दुपारी ढग लवकर येतात.

२. कागदपत्रं

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र लागतं, आणि नेमकं कोणतं यावरच लोक घसरतात. चालतं ते मूळ पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार कार्ड प्रौढ माणसासाठी प्रवासाचं ओळखपत्र धरलं जात नाही. १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना तेवढी सूट आहे. त्यांना फोटो असलेलं दुसरं सरकारी ओळखपत्र चालतं. "अहो, आम्ही आधारवर जाऊन आलो," असं सांगणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतो. त्याचं ऐकू नका.

सोबत ठेवायची यादी:
- मूळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, आणि दोन झेरॉक्स वेगळ्या खिशात
- पासपोर्ट आकाराचे सहा फोटो (सिमकार्ड, परवाने)
- प्रवास विम्याचा कागद छापून
- घरच्यांचा फोन नंबर आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी
- रोज गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी

विम्याबद्दल एकच गोष्ट, पण ती नीट वाचून घ्या: पॉलिसीत उंचीची मर्यादा किती आहे? पुष्कळ साध्या प्रवास विम्यांत ट्रेकिंग ठरावीक उंचीपर्यंतच धरलेलं असतं. तुम्हाला किमान ५५०० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने खाली आणणं, या दोन्ही गोष्टी लेखी हव्यात. एजंट तोंडी "सगळं कव्हर आहे" म्हणाला तर त्याच्याकडून कलम दाखवून घ्या.

३. तयारी नाशिकमध्येच होते

जिम लावायची गरज नाही. कळसूबाई १६४६ मीटर आणि साल्हेर १५६७ मीटर, म्हणजे राज्यातली पहिली दोन शिखरं आपल्या दारात आहेत. निघण्याआधी दोन-तीन महिने आठवड्याच्या मधल्या दिवशी पांडवलेणीच्या पायऱ्या पाठीवर वजन घेऊन दोन-तीनदा चढा-उतरा, आणि सुटीच्या दिवशी अंजनेरी, ब्रह्मगिरी नाहीतर हरिहर. गोक्योच्या वाटेवर दगडी पायऱ्या फार आहेत, आणि गुडघे बोलायला लागतात ते उतरताना. त्यामुळे उतरण्याचा सराव जास्त करा. सलग दोन दिवस चालून तिसऱ्या दिवशी सकाळी पाय कसे वाटतात, ते एकदा तपासून बघा.

एक भ्रम आधीच काढून टाका. कळसूबाई दोन तासांत चढणाऱ्याला उंचीचा त्रास होत नाही, असं काही नसतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, आणि गोक्योत श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त. तिथे तरणाबांड गडी आडवा होतो आणि पेन्शनर काका हळूहळू पोचतात, कारण काका धावत नाहीत.

४. सामान: सात-आठ किलोच्या वर नको

स्वतःची सॅक स्वतः उचलणार असाल तर वजन हाच खर्च. स्लीपिंग बॅग आणि जाड डाउन जॅकेट विकत घेऊ नका; काठमांडूच्या ठमेल भागात रोजच्या भाड्याने मिळतात. बॅग घेताना चेन पूर्ण लावून-काढून बघा, आणि आत हात घालून पिसं एका कोपऱ्यात गोळा झालीत का ते चाचपा. गोळा झालेली बॅग रात्री पाठीला गार लागते.

नाशिकहूनच न्यायचं ते असं: महिनाभर वापरून पायाला बसलेले बूट (नवे कोरे बूट म्हणजे फोडांना आमंत्रण), दोन जोड थर्मल, लोकरी मोजे, कानटोपी, हातमोजे, विंडचीटर, पोंचो, चांगला गॉगल, डोक्याला लावायची बॅटरी, एक लिटरच्या दोन बाटल्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, पॉवर बँक, ओआरएस. जीन्स नको, ती वाळत नाही. खाऊ म्हणून शेंगदाण्याची चिक्की आणि सुका मेवा न्या. चिवडा न्यायचा मोह आपल्याला होणारच. न्या, पण रेल्वेत संपवा. वर कोरड्या हवेत घसा आधीच सोलवटलेला असतो, त्यावर तिखट चिवडा म्हणजे रात्रभर खोकला.

५. नाशिक रोड ते काठमांडू

मुंबईहून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्या नाशिक रोडला थांबतात. काशी एक्सप्रेस आणि कुशीनगर एक्सप्रेस या त्यातल्या जुन्या. सव्वा ते दीड दिवसाचा प्रवास, स्लीपरचं भाडं हजाराच्या आत. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच काढा.

गोरखपूर स्टेशनच्या बाहेर पडलात की "काठमांडू, काठमांडू, डायरेक्ट तिकीट" म्हणत लोक अंगावर येतील. घेऊ नका. या तिकिटावर सीमेपलीकडची बस कोणती, किती वाजता, हे काहीच नक्की नसतं, आणि पलीकडे गेल्यावर बरेचदा पुन्हा पैसे मागितले जातात. साधी बस किंवा शेअर जीप पकडून सुनौलीला जा, अंतर शंभरेक किलोमीटर. कमानीखालून चालत पलीकडे गेलं की बेलहिया. तिथून रिक्षाने चार-पाच किलोमीटरवर भैरहवा, आणि काठमांडूची बस तिथून बसवाल्याच्या खिडकीवर स्वतः काढा.

घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. बस शक्यतो दिवसाची घ्या. नारायणगढ ते मुग्लिन हा त्रिशूली नदीच्या काठचा रस्ता दरडींचा आहे. जुलै २०२४ मध्ये सिमलताल इथे दोन बस दरडीबरोबर नदीत गेल्या होत्या. दिवसाच्या प्रवासात एका रात्रीचं लॉजभाडं जास्त जातं, ते जाऊ द्या. दहा-बारा तास धरा, रस्त्याचं काम चालू असेल तर त्याहून जास्त.

पैशांचं: १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. त्यामुळे दराची घासाघीस करणाऱ्याकडे जायचं कारणच नाही. मोठ्या भारतीय नोटांबाबतचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत, १०० ची नोट मात्र कुणीही घेतो. बँकेतून आधीच शंभराची बंडलं काढून ठेवा. २०२४ पासून काठमांडूत बऱ्याच दुकानांत आपल्या यूपीआयने पैसे देता येतात. नामचे हे वाटेवरचं मोठं बाजाराचं गाव सोडलं की वर सगळा रोखीचा कारभार. सीमेवर किंवा काठमांडूत नेपाळी सिमकार्ड घ्या, रोमिंगच्या नादी लागू नका.

६. काठमांडू ते पायवाट: लुक्लाचं विमान की जीप?

लुक्ला म्हणजे पायवाटेच्या सुरुवातीचं डोंगरातलं विमानतळाचं गाव. तिथली धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब. थरार आहे, पण तिकीट महाग, आणि हवा बिघडली की दोन-दोन, तीन-तीन दिवस उड्डाणं बंद. मोसमात बरीचशी विमानं काठमांडूऐवजी मन्थलीहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठून आणखी चार-पाच तास गाडी. कमी खर्चात जाणाऱ्याने याचा विचार सोडून द्यावा.

काठमांडूच्या चाबहिल भागातून पहाटे सल्लेरी या डोंगरातल्या गावाकडे शेअर जीप सुटतात. दिवसभर लागतो. सल्लेरीहून पुढे थामडाँडा, सुर्केच्या दिशेने कच्चा रस्ता झाला आहे. तो पावसानंतर कुठवर उघडा आहे, हे सल्लेरीच्या चालकांनाच विचारा, काठमांडूतल्या एजंटाला नव्हे. सप्टेंबर २०२४ च्या पुरात काठमांडूहून तिकडे जाणाऱ्या बी. पी. महामार्गाचे मोठे तुकडे वाहून गेले होते, त्यामुळे पावसाळा जोराचा झाला असेल तर एक दिवस जास्तीचा ठेवाच. जीपमध्ये मधल्या रांगेची जागा मागा. मागच्या आडव्या बाकावर दहा तास बसलात तर ट्रेकच्या आधीच कंबर जाते.

सुर्केहून लुक्लाला चढायची गरज नाही. चौरीखर्कावरून वाट परस्पर मुख्य रस्त्याला लागते आणि मुक्कामाला फाकदिंग गाठता येतं.

७. परवाने

दोन लागतात. एक खुंबू पासाङ ल्हामू गाउँपालिकेचा, तो वाटेवरच मिळतो. दुसरा सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा, मोंजोच्या दारावर. तिथे सार्क देशांच्या लोकांना इतर परदेशी पाहुण्यांच्या निम्मी फी आहे: ३००० ऐवजी १५०० नेपाळी रुपये, वर कर. खिडकीवर आपणहून "इंडियन" म्हणा आणि कार्ड पुढे करा, नाहीतर पासपोर्ट न बघता सरसकट दर लागू शकतो.

एकट्या परदेशी ट्रेकरने गाईड घेतलाच पाहिजे, असा नियम नेपाळने एप्रिल २०२३ पासून काढला, पण खुंबूच्या गाउँपालिकेने आपल्या हद्दीत तो लावणार नाही असं सांगितलं. जाताना त्या वेळची स्थिती विचारून घ्या. माझं मत विचाराल तर दोघं-तिघं असाल तर वाट ठळक आहे, चुकत नाही. एकटे आणि पहिल्यांदाच इतक्या उंचीवर जात असाल, तर एक स्थानिक पोर्टर-गाईड घ्या. आठ-दहा दिवसांची त्याची मजुरी हा या प्रवासातला सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च ठरतो.

८. चालण्याचे दिवस

या टप्प्यावर घाई करायची नाही. नियम सोपा: ३००० मीटरच्या वर गेल्यावर आजच्या मुक्कामापेक्षा उद्याचा मुक्काम ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर हजार मीटरला एक दिवस मुक्काम तिथेच.

- सुर्के किंवा आसपास ते फाकदिंग (२६१०)
- फाकदिंग ते नामचे (३४४०). दम लागत असेल तर मध्ये मोंजोला थांबा
- नामचेत मुक्काम. दिवसा खुमजुंग-खुंदेपर्यंत चढून या, झोपायला खाली
- नामचे ते फोर्त्से तेंगा (३६८०), मोंग ला खिंडीवरून
- फोर्त्से तेंगा ते डोले (४०५० च्या आसपास)
- डोले ते माछेर्मो (४४७०)
- माछेर्मोत आणखी एक दिवस
- माछेर्मो ते गोक्यो (४७९०)

बहुतेकांचं इथेच चुकतं. फोर्त्से तेंगाला दुपारी बारा-एकलाच पोचता, ऊन असतं, पाय ताजे असतात, आणि डोले "अजून दोनच तास" दिसतं. मग लोक एका दिवसात नामचेहून डोले गाठतात, म्हणजे सहाशे मीटर, आणि दुसऱ्या दिवशी माछेर्मो. गोक्योची वाट बेस कॅम्पच्या वाटेपेक्षा लवकर उंची घेते, त्यामुळे डोकं ठणकायला लागतं ते माछेर्मोतच. फोर्त्से तेंगाला दुपार रिकामी घालवा. पत्ते न्या.

डोकं दुखणं, भूक मरणं, मळमळ, झोप न लागणं ही पहिली चिन्हं. ती असताना वर चढायचं नाही. तिथेच थांबा, पाणी प्या. बसल्या जागीही दम लागत असेल, खोकल्यात फेस येत असेल, किंवा सरळ रेषेत चालताना तोल जात असेल, तर रात्र असो की पहाट, त्या माणसाला सोबत घेऊन खाली उतरायचं. एकट्याला पाठवायचं नाही. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सच्या गोळ्यांबद्दल नाशिकमध्येच डॉक्टरांशी बोला, विशेषतः सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर. माछेर्मोत मोसमात मदत चौकी असते, आणि खुंदेत एडमंड हिलरींनी १९६६ मध्ये उभारलेलं इस्पितळ आहे.

याच्या उलटही एक सापळा आहे. साध्या डोकेदुखीला "हेलिकॉप्टर बोलावू, इन्शुरन्स देईल" म्हणणारे भेटतात. खोट्या हेलिकॉप्टर सुटकांचं प्रकरण २०१८ मध्ये इतकं गाजलं, की नेपाळ सरकारला चौकशी लावावी लागली. चालत तीनशे-चारशे मीटर उतरून बरं वाटत असेल, तर चालतच उतरा.

वाटेवर खेचरं आणि झोपक्यो (याक आणि गाईच्या संकरातून झालेले ओझ्याचे बैल) येताना दिसले की डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभे राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. पाठीवरच्या गॅसच्या टाकीचा एक धक्का पुरतो. झुलत्या पुलावर समोरून जनावरं येत असतील तर ती पार होईपर्यंत अलीकडेच थांबा. मंत्र कोरलेल्या दगडी भिंती उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच.

९. लॉजमधलं राहणं-खाणं

खोली स्वस्त, जेवण महाग, असा हिशेब आहे. जिथे झोपाल तिथेच दोन्ही वेळ जेवायचं, ही अट असते. रोजचे ३००० ते ४००० नेपाळी रुपये पुरतात. दाल-भात मागवा: भात, डाळ, भाजी पुन्हा पुन्हा वाढतात, बाकी कशालाच वाढ नाही. पिझ्झा-बर्गर मागवणाऱ्याचं बिल दुप्पट होतं आणि पोट अर्धं भरतं. नामचेच्या वर मांस खाऊ नका. खुंबूत जनावर मारत नाहीत, त्यामुळे मांस खालून पाठीवर लादून दिवसचे दिवस प्रवास करून येतं. बटाटे मात्र तिथलेच, आणि उत्तम. उकडलेला बटाटा आणि मीठ-मिरची एवढ्यावर एकादशीसुद्धा निभावते.

मोबाईल चार्ज करणं, गरम पाण्याची आंघोळ, वायफाय, सगळ्याचे वेगळे पैसे. पॉवर बँक नामचेत पूर्ण भरा आणि रात्री फोनसकट स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. थंडीत बॅटरी पडून असली तरी उतरते. संध्याकाळी जेवणघरातली बंब-शेगडी पेटते, वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्यांवर. जेवण झालं की ती विझते आणि सगळे साडेसातलाच अंथरुणात शिरतात.

१०. गोक्योत पोचल्यावर

किमान दोन रात्री राहा. पहिल्या दिवशी फक्त गावामागच्या धारेवर जा. हिमनदी म्हटल्यावर पांढराशुभ्र बर्फ डोळ्यांपुढे येतो, पण न्गोझुंपा दिसते ती खाणीसारखी: राखाडी दगडमाती, मध्ये मध्ये हिरवी डबकी, आणि कुठेतरी दगड घरंगळल्याचा आवाज. बर्फ त्या मातीच्या खाली असतो. हौसेने खाली उतरू नका. तिच्यावरची वाट बर्फ सरकेल तशी दरवर्षी बदलते आणि ती थांगनागला, चो ला खिंडीकडे जाणाऱ्यांसाठी आहे. चो ला आणि रेंजो ला या दोन्ही खिंडी पहिल्या खेपेला टाळाव्यात.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोक्यो री. उंची ५३५७ मीटर, चढायला अडीच-तीन तास. वरून एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, चो ओयू असे आठ हजारांवरचे चार डोंगर एका जागी दिसतात. पाणी बाटलीत गोठतं, म्हणून ती जॅकेटच्या आत ठेवा. पायात त्राण उरलं असेल तर आणखी एक दिवस ठेवून उत्तरेला चौथ्या-पाचव्या तळ्याकडे चालत जा. तिथली एव्हरेस्टची बाजू मला गोक्यो रीपेक्षाही आवडते.

ही तळी पवित्र मानतात. श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या राखीच्या दिवशी, खालून भाविक स्नानाला येतात. साबण, कपडे धुणं, उत्साहाने दगड भिरकावणं नको. २००७ पासून हे रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतलं ठिकाण आहे. आपलं नांदूर मध्यमेश्वर त्या यादीत २०२० मध्ये आलं. तळ्यावर नारिंगी अंगाची चक्रवाकांची जोडी दिसली तर ओळख पटेल. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला दिसतात तेच हे पक्षी.

११. परत येताना

उतरायला चार दिवस पुरतात. गोरखपूरहून नाशिक रोडचं आरक्षण काढताना मात्र काठमांडूला पोचण्याच्या अपेक्षित तारखेत तीन-चार दिवस मिळवा. सल्लेरीचा रस्ता, त्रिशूलीकाठचा रस्ता आणि नेपाळ बंद, यांपैकी काहीतरी एक आडवं येतंच. लवकर पोचलात तर ते दिवस पाटण, भक्तपूरला घालवा किंवा भैरहवाहून जवळच्या लुंबिनीला जाऊन या. नेपाळी नोटा सीमेआधीच संपवा किंवा बेलहियात बदलून घ्या. गोरखपूरच्या पुढे त्या कुणी घेत नाही.